मिरगाच्या आधीची बेगमी: गहू, डाळी, चटणी आणि गच्चीवरचं पाणी

एप्रिल लागला की आमच्या गच्चीवर दोन कामं एकदम सुरू होतात, एकीकडं गहू वाळत घातलेला असतो आणि दुसरीकडं मी पाईपात हात घालून बसलेलो असतो, मागच्या वर्षीचा पाला काढत. दोन्ही कामं मिरगाच्या आधी उरकायची, म्हणजे ७-८ जूनच्या आत. आणि दोन्हीतली सगळी भानगड एकाच गोष्टीची आहे, ओल. धान्यात ती शिरू द्यायची नाही, टाकीत मात्र जेवढी येईल तेवढी घ्यायची.

आम्ही मिरजेचे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते इथनंच, पहिल्या खेपेला १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्यानंतर तीनच वर्षांनी, ऑगस्ट २०१९ ला, शेजारी सांगलीत आयर्विन पुलाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. आमच्या घरात पाणी नाही शिरलं, पण पाच दिवस नळाला थेंब नाही, लाईट नाही, दुकानं बंद. आम्ही आपले निवांत, कारण आईनं वर्षाचा गहू भरलेला. तिसऱ्या दिवशी पीठ संपलं तेव्हा कळलं की कोठीत दीड क्विंटल गहू आहे आणि गिरणी लाईटशिवाय चालत नाही. आजीचं जातं आम्ही कुंडी ठेवायला वापरत होतो. ते धुवून दळायचा प्रयत्न केला, तासाभरात दोन भाकरींचं पीठ आणि खांदे गेले.

तेव्हापासून आमच्याकडं बेगमी दोन प्रकारची असते. एक वर्षाची, म्हणजे धान्य, डाळी, चटणी. आणि दुसरी आठ दिवसांची, जी काही न दळता, न भिजवता, कमी गॅसवर खाता येईल: तांदूळ, मुगाची डाळ, पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, आणि आठ दिवसांचं दळलेलं पीठ. ही दुसरी आधी करा. एका दिवसात होते, फार पैसे लागत नाहीत, आणि महिन्याच्या किराण्यात फिरवत राहिली की खराबही होत नाही. वर्षाचं धान्य भरायचं ते नंतर, आणि पहिल्या वर्षी तर सगळं भरूच नका, ५० किलो गहू भरून बघा जमतंय का.

किती भरायचं

आम्ही चौघं, दोन वेळा पोळी-भाकरी खाणारे, दुपारचा डबा नेणारे. आमचा हिशोब गहू दीड क्विंटल, शाळू (रब्बीची ज्वारी) ७५ किलो, तूरडाळ २५ किलो, हरभरा डाळ १०, मूग-मटकी-चवळी मिळून १५. तांदूळ वर्षाचा भरत नाही, चार-चार महिन्यांचा घेतो. हे आकडे तुम्ही घेऊ नका. तुमचा आकडा काढायचा असेल तर दोन महिने प्रत्येक दळणाला किती किलो नेलं ते कॅलेंडरवर लिहा आणि सहानं गुणा, त्यात पाहुण्यांसाठी थोडं वाढवा. अंदाजानं भरणारे लोक नेहमी डाळ जास्त आणि गहू कमी भरतात, का ते माहीत नाही पण मी असंच बघितलंय.

गहू लोकवन घ्या, शरबती घ्या, खपली घ्या, ज्याची पोळी घरात आवडते तो घ्या, पण आधी पाच किलो आणून महिनाभर खाऊन बघा आणि मग पोती उचला. मागं एकदा एका व्यापाऱ्याकडनं वरचे दाणे बघून तीन पोती घेतली, घरी येऊन पाहतो तर खाली फुटका आणि खड्याचा माल. आता पोतं मधनं बंबी लावून बघितल्याशिवाय घेत नाही. बंबी म्हणजे ती टोकदार पोकळ नळी, पोत्यात खुपसली की आतले दाणे हातात येतात, अडत्यांकडं असतेच, मागायला लाजायचं नाही.

गहू वाळवणं, हे खरं काम

धान्य टिकतं ते पावडरीनं किंवा पाल्यानं नाही, वाळण्यानं. दाण्यातली ओल १०-१२ टक्क्यांच्या आत आली की किडे वाढायला कटकट होते आणि बुरशी तर धरतच नाही. घरात कुणाकडं ओल मोजायचं मशीन नसतं, पण दात असतात.

आधी चाळून, पाखडून घ्या. फुटका दाणा आणि पीठ जेवढं कमी तेवढी कीड कमी, कारण काही किड्यांना अख्खा दाणा फोडताच येत नाही, ते तुकड्यांवरच जगतात. मग गच्ची झाडून त्यावर ताडपत्री आणि ताडपत्रीवर जुनं सुती लुगडं किंवा चादर, त्यावर गहू दोन बोटं जाड पसरायचा, जास्त नको. सकाळी दहा ते चार, दर तासाला पायानं वळवायचा. तीन दिवस कडक ऊन पुरतं. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये दुपारी चारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही, त्यामुळं ताडपत्रीची चारी टोकं धरून दोन मिनिटात गोळा करता येईल एवढाच गहू एका वेळी पसरायचा. हा नियम आम्ही भिजून शिकलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई गच्चीवर येते, मूठभर गहू उचलते, एक दाणा दाढेखाली धरते. दाणा कट्ट वाजून दोन तुकडे झाला तर वाळला. चेपला गेला, किंवा दाताला थोडा चिकट लागला, तर अजून एक दिवस. मला पहिल्यांदा म्हणाली, “एक चावून काय कळणार, ताडपत्रीच्या कोपऱ्यातला चाव, मधला चाव, खालचा चाव.” आणि खालचा खरंच मऊ होता.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते इथं. वाळलेला गहू गरम असताना कोठीत भरायचा नाही. मी एका वर्षी घाईत, दुपारी साडेतीनला, हाताला चटका बसतोय अशा अवस्थेत भरला आणि झाकण लावलं. पत्र्याची कोठी रात्री गार पडते, आतला गहू गरम, मग आतल्या आत वाफ धरते आणि झाकणाच्या खालच्या बाजूला पाणी सुटतं. श्रावणात कोठी उघडली तर वरचा वीतभर गहू ढेकूळ झालेला आणि कुबट वास. तीस किलो टाकला. आता संध्याकाळी घरात आणून पसरतो, रात्रभर पंख्याखाली गार होऊ देतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भरतो.

कोठी भरणं

कोठी आधी रिकामी करून घासायची, कोपऱ्यातलं जुनं पीठ ब्रशनं काढायचं, दोन दिवस तोंड उघडं ठेवून उन्हात ठेवायची. जुना उरलेला गहू नव्यात अजिबात मिसळायचा नाही, त्यातली अंडी नव्याला लागतात, जुना आधी संपवा.

एरंडेल लावणार असाल तर क्विंटलला अर्धा लिटर. एकदम नाही जमत, घमेल्यात दहा किलो घ्यायचा, ५० मिली एरंडेल थोडं कोमट करून हाताला लावत लावत दाण्याला चोळायचं, सगळे दाणे नुसते तुकतुकीत दिसले पाहिजेत, ओले नाही. तळाला कडुनिंबाचा पाला, पण तो सावलीत खडखडीत वाळलेला, मुठीत चुरला गेला पाहिजे. हिरवा पाला टाकणारे लोक मी बघितलेत, ते धान्यात स्वतःच्या हातानं ओल घालतात. मग कोठी पार वरपर्यंत भरायची, मोकळी जागा ठेवायची नाही, कारण आत जेवढी हवा तेवढी किड्याची सोय. कोठी दोन भरून अर्धी-अर्धी ठेवण्यापेक्षा एकच गच्च भरा. झाकणाच्या कडेनं चिकटपट्टी मारा. रोजच्यासाठी पंधरा किलोचा वेगळा डबा ठेवा आणि मोठी कोठी महिन्यातनं एकदाच, कोरड्या दिवशी, उघडा. भर पावसात उघडी ठेवून फोनवर बोलत बसू नका (हे मी बायकोला नाही, स्वतःलाच सांगतोय).

कोठी किंवा पोतं थेट फरशीवर नको, फळी किंवा विटा घाला, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. फरशी आणि बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल खेचते. जुन्या लोकांना हे माहीत होतंच. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखालच्या त्या खड्ड्यांत हळद वर्षानुवर्षं टिकायची, आत हवा नाही, ओल नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरलं तेव्हा बरीच पेवं त्यातल्या हळदीसकट गेली.

डाळी आणि कडधान्यं

कडधान्याचा भुंगा शेतातनंच येतो, शेंगेवर किंवा दाण्यावर घातलेली अंडी आपण घरी घेऊन येतो, म्हणून बंद डब्यातल्या चवळीला पण गोल भोकं पडतात आणि आपण डब्याला शिव्या देतो. त्याच्यावर उन्हाचा उपाय भारी चालतो. काळं प्लास्टिक अंथरायचं, त्यावर कडधान्य एकेरी थरात, वर पारदर्शक प्लास्टिक, कडा विटांनी दाबायच्या, एप्रिलच्या उन्हात अकरा ते तीन. आत ६० अंशाच्या आसपास जातं, अंडी-अळी सगळी मरते. दोन दिवस करा. पेरायच्या बियाण्याला मात्र मी हे करत नाही.

मग गार करून तेल, किलोला एक चमचा, म्हणजे ५ मिली. तूरडाळीला एरंडेल, बाकीच्यांना गोडंतेल चालतं. तेलाचा पातळ थर बसला की वर घातलेलं अंडं जगत नाही. शिजवताना डाळ नेहमीसारखी दोन पाण्यानं धुवायची, एरंडेल असेल तर कोमट पाण्यानं. चवळी-वाल बियाण्यासाठी ठेवायचे असतील तर चाळलेली लाकडाची राख, दाणे बुडतील एवढी. रवा-मैदा भरूच नका, आणलाच तर चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवून मग डब्यात.

काय वापरायचं नाही हे जरा नीट सांगतो. बाजारात पाऱ्याच्या टिकड्या मिळतात, आमच्याकडंही वर्षानुवर्षं होत्या, आता नाहीत. पारा विषारी आहे आणि टिकडी फुटली की तो दाण्यात जातो. बोरिक पावडर तांदळाला लावतात, ती पण मी बंद केली, लहान मुलं घरात आहेत आणि एखाद दिवशी तांदूळ नीट धुतला जात नाही. आणि गोदामात वापरतात ती सेल्फॉसची गोळी, ॲल्युमिनियम फॉस्फाईड, ती घरात आणायचीच नाही, कुणी कितीही ओळखीनं दिली तरी. हवेतल्या ओलीनं तिच्यातनं फॉस्फीन गॅस सुटतो आणि झोपलेल्या माणसांचा जीव जातो. ती सरकारी गोदामं आणि परवानाधारक पेस्ट कंट्रोलवाल्यांसाठी आहे.

चटणीचं थोडक्यात, कारण प्रत्येक घराचं माप वेगळं आणि त्याच्यावरनं भांडणं होतात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. मिरची हातात चुरली तर कुडकुड वाजली पाहिजे, देठं काढून उन्हात, मग डंकावर. डंकवाल्याकडं गर्दी नसेल त्या दिवशी सकाळी पहिला नंबर लावा, नाहीतर आधीच्या माणसाचा मसाला तुमच्यात येतो. कांदा-लसूण तेलात पार कोरडा होईपर्यंत परता, त्यात पाणी राहिलं तर दिवाळीत बुरशी. चिनी मातीच्या बरणीत दाबून भरायची, वर खडा हिंग, तोंडाला फडकं.

गच्चीवरचं पाणी

आता पाणी. हिशोब सोपा आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. आमची गच्ची ६०० चौरस फूट, म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ६०० मिमी धरला आणि उडून-सांडून जाणारं सोडून ८० टक्के धरलं तर जवळजवळ २७ हजार लिटर. लातूरला गेलेल्या एका वाघिणीत ५० हजार होतं. म्हणजे अर्ध्या वाघिणीपेक्षा जास्त पाणी दरवर्षी आमच्या डोक्यावर पडत होतं आणि आम्ही ते गटारात सोडत होतो. कोकणात ३००० मिमी पडतो, तिथं याच गच्चीचा आकडा सव्वा लाखाच्या वर जाईल. कान्हेरीच्या लेण्यांत जागोजागी डोंगरावरचं पाणी धरायला टाकी खोदलेली आहेत, शिलालेखात त्यांना पोढी म्हटलंय, हे काय आपल्याकडं नवीन नाही.

गच्चीचा उतार कुठं आहे ते बादलीभर पाणी ओतून बघा. पाणी जिथं जातं तिथल्या आऊटलेटला जाळी लावा आणि खाली ४ इंची, म्हणजे ११० मिमीचा पीव्हीसी पाईप आणा. खाली एक टी जोडायचा, त्याचं एक तोंड फिल्टरकडं, दुसरं बाहेर, दोन्हीला वॉल्व्ह. मोसमाचे पहिले दोन पाऊस पूर्ण बाहेर सोडायचे, धूळ, कबुतरांची विष्ठा, सगळं धुवून जाऊ दे. पुढं प्रत्येक मोठ्या खंडानंतर पहिली दहा-पंधरा मिनिटं बाहेर. वॉल्व्ह दारातनं हात पोचेल अशा ठिकाणी ठेवा, कारण रात्री दोनला छत्री घेऊन कुणी उठत नाही.

फिल्टर म्हणजे २०० लिटरचा निळा ड्रम, खाद्यपदार्थाचा घ्या, केमिकलचा नको. तळाशी दोन इंची आऊटलेट बसवून जाळी लावायची. मग वीतभर मोठी खडी, त्यावर वीतभर बारीक खडी, त्यावर शेडनेटचा तुकडा, त्यावर वीतभर जाड वाळू. वरचा भाग मोकळा, तिथं पाणी साठतं. वरच्या कडेजवळ ओव्हरफ्लोचा पाईप, हा विसरला तर पहिल्याच धो-धो पावसात ड्रमच्या कडेनं धबधबा. वाळू आणि खडी बादलीत दहा-बारा वेळा, वरचं पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, मी पहिल्या वर्षी तीनदाच धुतली आणि टाकीत महिनाभर गढूळ पाणी आलं. ऑगस्टमध्ये वरची दोन बोटं वाळू काढून धुवून परत घाला, नाहीतर पाणी उतरत नाही.

टाक्या आमच्याकडं हजार लिटरच्या दोन. साधारण ४५ मिमी पाऊस झाला की दोन्ही भरतात, म्हणजे दोन-तीन चांगले पाऊस. पुढचं फिल्टर झालेलं पाणी बोअरच्या बाजूच्या शोषखड्ड्यात जातं. अंगणातलं, गाडी धुतलेलं पाणी तिकडं अजिबात वळवू नका, एकदा बोअर घाण झाला की तो साफ होत नाही. पाईप, ड्रम, वॉल्व्ह, प्लंबरची मजुरी मिळून मला साडेआठ हजार लागले, टाक्या आधीच्या होत्या.

टाकीचं झाकण घट्ट आणि हवेच्या पाईपाला बारीक जाळी. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसात उडतो. आमच्या एका टाकीची जाळी फाटलेली, मी जुलैत टॉर्च मारला तर आत वळवळ. अख्खी रिकामी केली, भर पावसाळ्यात पाण्याकडं बघत बसलो.

हे पाणी आम्ही धुणं, भांडी, झाडं, आंघोळीला वापरतो. प्यायची वेळ आलीच तर हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी ब्लिचिंग पावडर, किचनच्या काट्यावर मोजून, बादलीत कालवून खाली बसू द्यायची आणि वरचं नितळ पाणी टाकीत ओतायचं, तासभर थांबायचं, आणि तरीही प्यायचं ते उकळूनच. गच्चीला वॉटरप्रूफिंगचा रंग मारलेला असेल तर पिण्याचा विचार सोडा. पुरासाठी वेगळं म्हणून पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे पाच कॅन जूनपासून भरलेले असतात. चौघांना प्यायला-स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, पाच दिवस, बरोबर शंभर. दर रविवारी रिकामे करून परत भरायचे, ते काम मुलाकडं आहे, म्हणजे निम्म्या वेळा माझ्याकडं.

लाईट, गॅस वगैरे

इन्व्हर्टरच्या बॅटरीत मेमध्ये डिस्टिल्ड वॉटर बघा, नळाचं किंवा आरओचं घालू नका, खुणेच्या वर भरू नका, टर्मिनलला व्हॅसलिन लावा. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते, प्रत्यक्षात हजार-अकराशे धरा. एक साधा पंखा ७०, दोन एलईडी १८, वायफाय १०, म्हणजे शंभराच्या आसपास, दहा तास निघतात. फ्रीज लावला की संपलं. पाच दिवस चालवायचं तर पंखा बंद, फक्त दिवे आणि मोबाईल. गॅसचा दुसरा सिलेंडर जूनच्या पहिल्या आठवड्यात भरलेला पाहिजे. कागदपत्रं, दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, एकात एक, माळ्यावर. औषधं पंधरा दिवसांची.

परसबाग आणि कंपोस्टवर मुद्दाम लिहीत नाही, आमचं कंपोस्ट तीन वर्षं नुसतं वास मारतंय, जमलं की सांगीन.

जातं आम्ही टाकी लावून घेतलं, म्हणजे टाकीवाल्याकडनं त्याचा दगड टोचून परत खरखरीत करून घेतला, पाण्याची टाकी नाही. कुंडी आता स्टुलावर आहे. मुलगी गंमत म्हणून अधूनमधून मूठभर शाळू दळते, पीठ जाड येतं पण येतं. आणि आईनं या वर्षीचं आत्ताच सांगून ठेवलंय, मार्केट यार्डात मी पण येणार, दाणा चावल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत.